खारा काठ, कोरडे रान : वऱ्हाडातल्या मिठाच्या वाटेविषयी

नामिबिया देशाच्या अटलांटिक किनाऱ्यावर वॉल्व्हिस बे नावाचे बंदर आहे. तेथे पाहुण्याला एका दिवसात दोन जगे दाखवण्याचा परिपाठ पडून गेला आहे. सकाळी होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचे. वाळूच्या लांबट दांड्यावर पहुडलेले सील, होडीबरोबर पोहणारे डॉल्फिन, उथळ पाण्यात माना घालून उभे असलेले रोहित पक्षी पाहायचे. दुपारी मोटारीने दक्षिणेस सँडविच हार्बरकडे निघायचे. तेथे नामिबच्या वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात, आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाठ असलेला वाटाड्या लाट आणि वाळू यांमधल्या अरुंद पट्टीवरून गाडी नेतो. समुद्र आणि वाळवंट ही दोन टोके आपण एका दिवसात जोडली, अशा समाधानात पाहुणा संध्याकाळी मुक्कामी परततो.

वस्तुतः ही दोन टोके मुळात जोडलेलीच आहेत. बेंग्वेला नावाच्या थंड सागरी प्रवाहामुळे त्या किनाऱ्यावर धुके येते, पाऊस मात्र पडत नाही; म्हणून तेथे वाळवंट. त्याच प्रवाहाबरोबर तळाचे सकस पाणी वर येते. म्हणून मासे, आणि माशांमागोमाग सील आणि पक्षी. एका कारणाची ही दोन फळे. शिवाय होडीच्या धक्क्यापासून वाळूच्या टेकड्यांकडे जाताना वाटेत मैलोगणती मिठागरे लागतात. समुद्राचे पाणी, वाळवंटाचे ऊन आणि माणसाचे श्रम हे तिघे जेथे एकत्र येतात ती हीच जागा. पण गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. कुइसेब नदीच्या बहुधा कोरड्या पात्राच्या काठी टोपनार लोक राहतात. नारा नावाच्या रानटी फळावर त्यांनी त्या वाळूत पिढ्या काढल्या. त्यांची कथा दिवसाच्या कार्यक्रमात बसवणे सीलच्या मानाने अवघड जाते.

आम्ही हे सारे लिहितो आहोत ते रिठदच्या संदर्भात, याचे वाचकांना नवल वाटेल. रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. काळी जमीन, कापूस मागे सारून आलेले सोयाबीन, तुरीचे पट्टे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आणि वाळवंट त्याहूनही दूर. ही दोन्ही दृश्ये येथल्या माणसाने पाहायची ती चित्रात, किंवा आताशा सहलीच्या जाहिरातीत. तरीही आमचे म्हणणे असे की, समुद्र आणि वाळवंट या गावाच्या चुलीपर्यंत शतकानुशतके येत राहिले. ते मिठाच्या रूपाने आले. ज्यांनी ते आणले त्यांच्या वाटेची नोंद आपल्या प्रवासवर्णनपर वाङ्मयाने फारशी घेतली नाही, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकदा नीट पाहण्यासारखी आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आज 'वाळवंट' म्हटले की आपल्यासमोर राजस्थान किंवा सहारा उभा राहतो. पण जुन्या मराठीत, आणि पंढरपुरी आजही, वाळवंट म्हणजे नदीकाठचा वाळूचा पट्टा. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णव जमतात ते पाण्याच्या कडेला. निर्जल प्रदेशाला संस्कृताने 'मरु' म्हटले, खाऱ्या नापीक भूमीला 'इरिण' म्हटले. कच्छच्या 'रण' या नावाचे मूळ या इरिणात सांगतात. मराठीने मात्र काठाचाच शब्द ताणून मरुभूमीवर घातला. किनारा आणि मरुभूमी एका शब्दात नांदवणाऱ्या भाषेला त्या दोहोंचा जोडकार्यक्रम नवा वाटण्याचे कारण नाही. दुसरा शब्द 'लवण'. त्यापासून लोण, लोणचे, मीठ काढणारे लोणारी, आणि रिठदच्या पश्चिमेस, रिसोडच्याही पलीकडे असलेले लोणार. 'लमाण' या नावाची एक व्युत्पत्तीही अभ्यासक लवणापासूनच देतात. ती सर्वमान्य नसेल. पण शब्दाचा इतिहास आणि माणसांचा व्यवसाय इतके जुळून येतात की ती सहजी टाकून देता येत नाही.

लमाण किंवा बंजारा यांचे तांडे बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर हिंडत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने वाटेत भेटलेल्या अशा तांड्यांचे वर्णन केले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे तो सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या लोकांचे चार वर्ग होते आणि प्रत्येकाने एकच जिन्नस वाहायचा: एकाने धान्य, एकाने तांदूळ, एकाने डाळी आणि एकाने मीठ. हा काटेकोर विभाग प्रत्यक्षात कितपत पाळला जाई याविषयी शंका घ्यायला जागा आहे. परदेशी प्रवाशांना चौकटी फार आवडतात. परंतु त्या चौघांत मिठाला स्वतंत्र स्थान असावे, हे लक्षणीय आहे. पुढे १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने बंजाऱ्यांवर दीर्घ टिपण लिहिले. साहित्याच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेच्या पहिल्या खंडात लमाणांना जागा मिळावी आणि त्यानंतरच्या आपल्या साहित्यसंस्थांना त्यांची आठवण व्हायला दीड शतक लागावे, हा विरोधाभास आम्ही नुसता नोंदवून ठेवतो.

मिठाचे उगम दोन. एक कोकणचा किनारा: पेण, पनवेल, उरण या बाजूची आगरे. समुद्राचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवायचे, मिठाचे ढीग रचायचे, मग ते बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर यायचे. दुसरा उगम मरुभूमीतला: राजपुतान्यातले सांभर सरोवर, मारवाडातले पचपदरा, कच्छच्या रणाची कड. तेथले मीठ बंजाऱ्यांच्या बैलांवरून माळव्यात आणि मध्य हिंदुस्थानात पसरे. म्हणजे ज्याला आज पर्यटनाच्या भाषेत 'किनारा आणि वाळवंट' म्हणतात ती या लोकांच्या उदरनिर्वाहाची दोन ठाणी होती. मधला सारा देश ही त्यांची वाट. कोठे पाणी आहे, कोणत्या घाटात बैल घसरतात, कोणत्या जमीनदाराची जकात जड आहे, चारा कोणत्या महिन्यात कोठे उरतो, हे ज्ञान नायकाच्या मुखी असे. वाटाड्या हा शब्द त्याला लावायचा तर त्याच्या सर्वात मोठ्या अर्थाने लावावा लागेल.

या भटकंतीची खूण वाशीम जिल्ह्यात ठळक आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला तेथे देशभरातून बंजारा समाज लोटतो. त्याला ही आपली काशी वाटते. जिल्ह्यात कितीतरी वस्त्यांच्या नावापुढे अजून 'तांडा' हा शब्द आहे, जणू बैल नुकतेच सोडले आहेत आणि उद्या पुन्हा लादायचे आहेत. गोरबोलीचे राजस्थानी बोलींशी असलेले नाते ऐकणाऱ्याच्या कानाला चटकन कळते. वऱ्हाडच्या काळ्या मातीत मरुभूमीची एक भाषा घरोघर बोलली जाते, हे विधान अलंकारिक नव्हे.

आता लोणार. येथे रिठदच्या माणसाला स्वतःचा एक खारा काठ मिळतो. बसाल्टच्या कातळात उल्काघाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. वयाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. एका पद्धतीने ते बावन्न हजार वर्षांच्या आसपास येते, तर दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या पुढे. पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. त्यात मासा जगत नाही, पण सूक्ष्म हिरवे शेवाळ विपुल, आणि ते शेवाळ व त्यावरचे कीटक टिपायला काठाच्या चिखलात शेकाट्या, टिटव्या, हिवाळ्यात बदके येतात. विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत. कातळाच्या वरच्या कडेवर उभे राहिले की एका नजरेत वर्तुळाकार जंगल, त्याच्या आत बाभळी, त्याच्या आत पांढुरक्या खाराचा उघडा पट्टा आणि मध्ये पाणी असे थर दिसतात. समुद्र न पाहिलेल्या माणसाला ओहोटीचा किनारा समजावून द्यायचा असेल तर याहून जवळची जागा वऱ्हाडात नाही.

अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. त्याला त्या जागेचे दोन गुण महत्त्वाचे वाटले: ब्राह्मण तिला गयेसारखे पवित्र मानतात, आणि काच व साबण करायला लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, ज्यातून सरकारला चांगला महसूल येतो. तीर्थ आणि महसूल एका दमात सांगणारी ही दृष्टी आम्हाला फार प्रामाणिक वाटते. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर उरणारा खार गोळा केला जाई. त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी अशी निरनिराळी नावे होती. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणार 'शोधले' असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ज्या सरोवराच्या खारावर अकबराच्या काळी कर बसत होता ते १८२३ मध्ये शोधले गेले, हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून किती वर्षे शिकवणार?

मराठी वाङ्मयाला तर लोणार अकबराच्याही आधीपासून ठाऊक आहे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामी लोणारला येतात. यादव राजा कान्हरदेव याच्या भेटीची लीळा तेथली. महानुभाव परंपरा चक्रधरांना भडोचच्या राजकुळातले मानते. भडोच म्हणजे नर्मदेच्या मुखाजवळचे प्राचीन बंदर. रामटेकच्या यात्रेसाठी म्हणून निघालेला खाडीकाठचा राजपुत्र पायी वऱ्हाडात येतो, एका खाऱ्या सरोवराच्या काठी थांबतो, आणि त्याच्या फिरण्यातून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ उभा राहतो. या परंपरेतच चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' रचली गेली. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केल्यामुळे ती आपल्या हाती आहे, पण अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिली आहे. चक्रधर जेथे जेथे बसले, निजले, जेवले, ती जागा कोणती याची ही पोथी आहे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, चौकातला नेमका कोणता कोपरा, असे ती सांगत जाते. वर्णनाचा फुलोरा नाही, भावनांचा कढ नाही. वाचणाऱ्याला पायांनी तेथवर पोचवायचे एवढेच काम. मराठीतले पहिले मार्गदर्शक पुस्तक कोणते, या प्रश्नाला आमचे उत्तर 'स्थानपोथी' हे आहे.

या संदर्भात राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तली एक कथा आठवल्याखेरीज राहत नाही. रुसून निघालेला काव्यपुरुष आणि त्याच्या मागोमाग त्याला वश करायला पाठवलेली साहित्यविद्यावधू हे दोघे पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत आणि मग दक्षिणेकडे जातात. प्रत्येक देशात ती वेष बदलते, नृत्याची तऱ्हा बदलते, आणि तो बोलण्याची रीत बदलतो. त्यातून प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती जन्मतात. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. काव्यशास्त्राने स्वतःची उपपत्ती सांगायला प्रवासाची कथा निवडली आणि ती रिठदपासून हाकेच्या अंतरावर संपवली, याचा आम्हा वऱ्हाडच्या मास्तरांना थोडा अभिमान आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातला मुद्दा अभिमानापलीकडचा आहे. राजशेखराच्या लेखी देश पाहणे म्हणजे तेथल्या लोकांचा वेष, चाल आणि बोली अंगात मुरवणे. आपल्या आधुनिक प्रवासवर्णनांत वाटाड्या येतो तो बहुधा विनोदापुरता, त्याच्या चुकीच्या उच्चारांसह. त्याची बोली लेखकाच्या गद्यात मुरलेली क्वचितच आढळते.

मिठाच्या वाटेचा शेवट मात्र कोणत्याही काव्यशास्त्रात बसणारा नाही. कंपनी सरकारने मिठावरचा कर वसूल करण्यासाठी देशाच्या मध्यातून जकातीची रेषा आखली. पुढे ती सिंधूपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत वाढली आणि तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झाडांचे उंच कुंपण वाढवण्यात आले. १८७९ मध्ये ती रेषा मोडली, कारण मिठाचे उगमच सरकारने ताब्यात घेतले होते. वाटेवर पहारा ठेवण्याची गरज उरली नव्हती. दरम्यान १८६७ मध्ये भुसावळहून अकोल्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला. त्याने वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेला आणि परतीच्या डब्यांतून मीठ आणले. ज्या अंतराला तांड्याला महिने लागत ते दोन दिवसांवर आले. बैल विकले गेले, नायकाच्या मुखातले वाटांचे ज्ञान निरुपयोगी ठरले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांत लमाणांनाही त्याच्या यादीत घालण्यात आले. काल ज्यांच्या वाटेवर सैन्ये आणि गावे अवलंबून होती, त्यांना आज गाव सोडताना हजेरी द्यावी लागली. हिंडणे हाच अपराध ठरला. हा कायदा १९५२ मध्ये गेला. त्याची सावली पोलीस चौकीत आणि गावाच्या बोलण्यात त्यानंतरही रेंगाळली. आत्माराम राठोड यांचे 'तांडा' हे आत्मकथन या सावलीतून आलेले आहे. आपण ते दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या प्रश्नपत्रिकेत शिकवतो. ते प्रवासाच्या वाङ्मयाच्या प्रश्नपत्रिकेतही शिकवायला हवे, असे आम्हाला आग्रहाने वाटते.

वऱ्हाडाला समुद्र नव्हता, तरी मिठाचा सत्याग्रह होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; तेथल्या विहिरींचे पाणी खारट. १९३० मध्ये दांडीला समुद्राकाठी मीठ उचलले गेले, त्याच हंगामात अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा येथे सत्याग्रहींनी खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून मीठ केले आणि कायदा मोडला. लाटा नाहीत, किनारा नाही, क्षितिज नाही. एक विहीर, चूल आणि कढई. दांडीच्या छायाचित्रांनी आपली स्मृती इतकी व्यापली आहे की दहीहांड्याची विहीर पाठ्यपुस्तकात शोधावी लागते.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी अकस्मात गुलाबी झाले आणि हे सरोवर पुन्हा वर्तमानपत्रांत आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की, क्षारता वाढल्यामुळे वाढलेल्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हा गुलाबी रंग ज्या कुळातल्या रंगद्रव्यांचा, त्याच कुळातली द्रव्ये अन्नावाटे रोहिताच्या पिसांत उतरतात. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव त्यावरूनच पडले. आणि रोहित हा तर किनारा व मरुभूमी यांमधला खरा प्रवासी. १९४५ मध्ये सलीम अली कच्छच्या मोठ्या रणात त्यांच्या वीणीच्या वसाहतीपर्यंत पोचले. क्षितिजापर्यंत मातीच्या घरट्यांचे ते 'नगर' त्यांच्या लेखनामुळे जगाला कळले. मुंबईच्या शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात हे पक्षी १९९०च्या दशकापासून मोठ्या संख्येने उतरू लागले. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहितांचे अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ. ऐरोलीहून होडीच्या फेऱ्या सुरू झाल्या. २०२२ मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही पक्ष्यांच्या अंगावर माग काढणारी यंत्रे बसवली आणि त्यांतले काही गुजरातकडे गेल्याचे दिसले. खाडीतून रणाकडे, रणातून खाडीकडे. लमाणांची वाट मोडली. तिच्या दोन टोकांना जोडणारा हा एक खारा रस्ता आकाशात शिल्लक आहे.

रिठदहून एका दिवसात खारा काठ आणि कोरडे रान पाहायचे तर कार्यक्रम असा होईल. पहाटे निघून रिसोडमार्गे लोणार. ऊन चढण्यापूर्वी पाण्याच्या कडेशी. मग परत फिरून जिल्ह्याच्या पार ईशान्य कोपऱ्यात कारंजा-सोहोळ. हे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य २००० मध्ये काळविटांसाठी झाले. तेथे वाळू नाही. हलकी जमीन, गुडघाभर गवत, तुरळक झाडे. महसुली भाषेत अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटले की ती कोणाच्या तरी उपयोगात आणण्याची घाई सुरू होते. गुरे चारणाऱ्या माणसाला ती कधीच पडीक वाटली नाही, काळविटालाही नाही. जाता जाता एक गंमत: उरणच्या बाजूला, जेथली मिठागरे एकेकाळी प्रसिद्ध होती, तेथेही एक करंजा आहे. एक खाडीवरचे, एक माळावरचे. दोहोंची नावे झाडावरूनच पडली असतील. पण मिठाचे गोणपाट एका करंजाहून निघून दुसऱ्या कारंजाला उतरले असेल, या कल्पनेला आम्ही मनाई करत नाही.

अशा सहलीला विद्यार्थी घेऊन गेलो की लोणारला वाटाडे भेटतात. ते उत्साहाने उल्का सांगतात, लवणासुर सांगतात, नासा सांगतात, गुलाबी पाणी सांगतात. खार गोळा करणाऱ्यांविषयी विचारले तर काहींना आजोबांकडून ऐकलेले थोडेसे आठवते. एकदा बी.ए.च्या वर्गातली मानोऱ्याकडची एक मुलगी काठावरचा पांढरा थर बोटाने उचलून म्हणाली, "आमच्या आजीकडे याला वेगळा शब्द आहे, सर." तो शब्द तिला तेव्हा आठवेना. सुटीवरून परत येताना तिने तो वहीत लिहून आणला, आणि त्याच्याखाली आजीने सांगितलेली आणखी अकरा नावे: खाराची, वाटेवरच्या पाणवठ्यांची, बैलाच्या पाठीवरच्या खोगिराच्या भागांची. त्यांतली तीन आम्हाला कोणत्याही मराठी कोशात सापडली नाहीत. वही सध्या विभागाच्या कपाटात आहे, आणि या वर्षी आणखी चार मुले आपापल्या तांड्यावरून अशाच याद्या आणणार आहेत.